निरोप एकच, काटछाट वेगळी

पाण्याचा ताण बसलेलं भाताचं रोप भर दुपारी पाहिलं, तर त्याची पानं सुरळीसारखी वळलेली दिसतात. पानाच्या वरच्या अंगाला काही मोठ्या, फुगीर पेशी असतात. त्यांतलं पाणी कमी झालं की त्या मिटतात, पान गुंडाळतं आणि उन्हाला तोंड देणारा भाग कमी होतो. एवढं डोळ्यांना दिसतं. त्याच वेळी पानाच्या पेशींमध्ये एक न दिसणारं काम सुरू झालेलं असतं. पेशी आपल्याच जनुकांचे निरोप वेगळ्या तऱ्हेनं कापू लागलेली असते. या कापण्याला स्प्लायसिंग म्हणतात, आणि कुठे कापायचं, कुठे सोडायचं हे ठरवणाऱ्या प्रथिनांना स्प्लायसिंग प्रथिनं.

जनुक म्हणजे डीएनएच्या लांबलचक धाग्यावर लिहिलेला मजकूर. एखादं प्रथिन हवं असलं की पेशी तो मजकूर आरएनएमध्ये उतरवून घेते, ती नक्कल, म्हणजेच निरोप, केंद्रकाबाहेर पाठवते, आणि बाहेर रायबोसोम ती वाचत वाचत प्रथिन गुंफत जातो. शाळेत आपण शिकलो ते एवढंच. प्रत्यक्षात ती पहिली नक्कल कच्ची असते. कामाच्या मजकुराच्या मध्ये मध्ये असे तुकडे येतात जे प्रथिनात उतरायचेच नसतात. कामाच्या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात आणि मधल्या तुकड्यांना इंट्रॉन. निरोप बाहेर जाण्याआधी इंट्रॉन कापून टाकायचे आणि एक्झॉन एकमेकांना जोडायचे, हे स्प्लायसिंगचं काम.

जनुकं अशी तुकड्यातुकड्यांत लिहिलेली असतात, हे १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवलं. दोघंही एका विषाणूचा अभ्यास करत होते. १९९३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. इंट्रॉन आणि एक्झॉन ही नावं मात्र वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये दिलेली.

कापणारं यंत्र म्हणजे स्प्लायसोसोम. पेशीतल्या सर्वांत गुंतागुंतीच्या यंत्रांपैकी हे एक आहे. यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६ या पाच छोट्या आरएनएंभोवती शंभराहून जास्त प्रथिनं जमतात तेव्हा ते पूर्ण होतं. शिवाय ते एका जागी तयार बसलेलं नसतं. प्रत्येक इंट्रॉनवर त्याची जुळणी नव्यानं होते आणि काम झालं की ते सुटं होतं. कापायची जागा ते मजकुरातल्या खुणांवरून ओळखतं. बहुतेक इंट्रॉनची सुरुवात जी-यू या दोन अक्षरांनी होते आणि शेवट ए-जी या दोन अक्षरांनी. पण अशा अक्षरजोड्या निरोपात जागोजागी सापडतात. त्यातली खरी सीमा कोणती हे आजूबाजूच्या मजकुरावरून ठरतं. काही सीमा ठळक असतात, तिथे काप बसणारच. काही पुसट असतात, आणि तिथे यंत्राला कुणीतरी बोट धरून न्यावं लागतं. ताणाच्या वेळी सगळा खेळ या पुसट सीमांवर होतो.

सीमा पुसट असेल तर एकाच कच्च्या निरोपातून दोन-तीन वेगवेगळे पक्के निरोप निघू शकतात. कधी एखादा एक्झॉन गाळला जातो, कधी काप दोन अक्षरं अलीकडे बसतो, कधी इंट्रॉन न कापता तसाच राहतो. अराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं छोटं रोपटं वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं सर्वांत ओळखीचं झाड आहे. त्याच्या इंट्रॉन असलेल्या जनुकांपैकी सुमारे ६० टक्के जनुकांचे निरोप एकाहून अधिक तऱ्हांनी कापले जातात. प्राण्यांत एक्झॉन गाळण्याचा प्रकार जास्त आढळतो, वनस्पतींत इंट्रॉन तसाच ठेवण्याचा.

इंट्रॉन तसाच राहिला की त्या निरोपाचं काय होतं, हे मुद्दाम थांबून पाहण्यासारखं आहे. रायबोसोम निरोप तीन-तीन अक्षरांनी वाचतो. तीन अक्षरं म्हणजे एक अमिनो आम्ल. मधे जागा नाही, स्वल्पविराम नाही. मराठीत असा एक निरोप लिहू:

कमळफणसबदकमगर

तीन-तीन अक्षरं तोडली की कमळ, फणस, बदक, मगर. आता पहिल्या शब्दानंतर नको असलेली दोनच अक्षरं घुसवू:

कमळटठफणसबदकमगर

पुन्हा तीन-तीन तोडा. कमळ, टठफ, णसब, दकम, गर. चूक दोन अक्षरांची, पण पुढचा सगळा मजकूर बिघडला. घुसलेली अक्षरं तीन असती तर एक शब्द भलता आला असता आणि पुढचं सुरळीत राहिलं असतं. पेशीतही नेमकं हेच होतं. चौकट सरकली की थोड्याच अंतरावर ‘इथे थांब’ अशी खूण अवेळी समोर येते आणि प्रथिन अर्धवट तुटतं. पेशीत असे सदोष निरोप ओळखून नष्ट करणारी स्वतंत्र यंत्रणा असते, त्यामुळे यातले बरेचसे निरोप प्रथिन बनवण्याआधीच संपतात.

मग असे बिनकामाचे निरोप करायचेच कशाला? याचं सर्वांत सुंदर उत्तर मला भाताच्याच एका जनुकात दिसतं. त्याचं नाव ओएसड्रेब२बी. हे जनुक ज्या प्रथिनाचं, ते प्रथिन ताणाच्या वेळी उपयोगी पडणाऱ्या इतर अनेक जनुकांना चालू करतं. म्हणजे एक प्रकारचा मुकादम. रोप सुखात असतं तेव्हाही या जनुकाचा निरोप तयार होतो, पण त्यात ५३ अक्षरांचा एक जादा तुकडा शिल्लक ठेवलेला असतो. ५३ ला तिनानं भागा, बाकी दोन उरते. चौकट सरकते, अवेळी थांबा येतो, मुकादम तयार होत नाही. उष्णतेचा किंवा पाण्याचा ताण आला की नव्यानं उतरणाऱ्या निरोपांतून हा ५३ अक्षरांचा तुकडा गाळला जातो, चौकट जुळते आणि पूर्ण, काम करणारं प्रथिन बनू लागतं. ताणात या जनुकाच्या नकलाही वाढतात. पण नकला कितीही वाढल्या तरी तुकडा गाळला नाही तर त्या वाया जातील. खरी कळ काटछाटीत आहे.

मक्यातल्या याच जातीच्या जनुकात तुकडा तसाच ५३ अक्षरांचा आहे, आणि ताणात तोही गाळला जातो. गहू आणि बार्लीतल्या याच कुळातल्या जनुकांचे निरोपही असेच एकाहून अधिक प्रकारे कापले जातात. भात आणि मका यांचे पूर्वज सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले असं मानतात. एवढ्या काळात निरुपयोगी गोष्ट सहसा झिजून नाहीशी होते. ही टिकली आहे.

अशी कळ लागतेच का, हे वेगळ्या एका प्रयोगातून समजतं. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी याच विस्तृत कुळातलं ड्रेब१ए हे जनुक अराबिडॉप्सिसमध्ये सदासर्वकाळ चालू ठेवून पाहिलं. रोपं दुष्काळ, क्षार आणि गोठण यांना जास्त तगली, पण सुखाच्या दिवसांत खुरटली. तेच जनुक फक्त ताणाच्या वेळी चालू होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा खुरटणं बरंच टळलं आणि तगण्याची ताकद राहिली. ताणाशी लढण्याची तयारी महाग असते. लढाईवर खर्च झालेली साखर वाढीला मिळत नाही. म्हणून पिकासाठी ‘ताण सोसणारं प्रथिन आहे का’ याच्याइतकाच ‘ते केव्हा बनतं, केव्हा बनत नाही’ हा प्रश्न मोलाचा आहे, आणि स्प्लायसिंग प्रथिनांची खरी किंमत मला इथेच दिसते.

आता ही प्रथिनं पाहू. त्यांतलं सर्वांत अभ्यासलेलं कुटुंब एसआर प्रथिनांचं. सेरीन आणि आर्जिनीन या दोन अमिनो आम्लांची एस आणि आर ही चिन्हं, त्यावरून हे नाव. अशा प्रथिनाचा एक भाग आरएनएला धरतो. दुसरा भाग म्हणजे शेपटी, जिच्यात सेरीन आणि आर्जिनीन पुन्हा पुन्हा येतात. ही शेपटी स्प्लायसोसोमच्या घटकांना जवळ ओढते. पुसट सीमेजवळ एसआर प्रथिन बसलं की यंत्र तिथे जुळण्याची शक्यता वाढते. त्याच्या उलट बाजूला एचएनआरएनपी नावाच्या कुळातली प्रथिनं असतात, ती बऱ्याचदा सीमा झाकून ठेवतात. एका सीमेवर कोणत्या बाजूची किती प्रथिनं पोहोचली, यावर काप बसतो किंवा चुकतो. माणसात एसआर प्रथिनं १२ आहेत. अराबिडॉप्सिससारख्या वीतभर रोपट्यात १८, आणि भातात २२.

रोपाला ताण जाणवल्याची बातमी या प्रथिनांपर्यंत पोहोचते कशी? एक वाट फॉस्फेटची. पाणी कमी पडलं की रोपात अ‍ॅबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. त्यामुळे पानांवरची रंध्रं मिटतात, हे आपण ऐकलेलं असतं. त्याच संप्रेरकामुळे काही विकर जागे होतात आणि इतर प्रथिनांवर फॉस्फेटचे गट चिकटवतात. कोणकोणत्या प्रथिनांवर असे गट बसतात याची मोजदाद केली तेव्हा त्या यादीत स्प्लायसिंग प्रथिनंही निघाली. एसआर प्रथिनाच्या शेपटीवर फॉस्फेट बसला किंवा निघाला की ते कुणाला धरतं आणि केंद्रकात कुठे वावरतं हे बदलतं. जनुक तेच, प्रथिन तेच, फक्त त्याचं वागणं वेगळं. हे बदल काही मिनिटांत होऊ शकतात.

आणखी एक गोष्ट. एसआर प्रथिनांच्या स्वतःच्या निरोपांचीही काटछाट होते, आणि ताणात तीही बदलते. म्हणजे कात्री धरणारे हातसुद्धा कात्रीखालून जातात. काही एसआर प्रथिनं आपलं प्रमाण जास्त झालं तर आपलाच निरोप बिघडवून कापतात आणि उत्पादन आवरतं घेतात.

दुसरी वाट मला विशेष भावते, कारण ती पानातून मुळाकडे जाते. २०१४ मध्ये अर्जेंटिनातल्या एका गटानं अराबिडॉप्सिसमधल्या आरएस३१ या एसआर प्रथिनाच्या निरोपावर प्रयोग प्रसिद्ध केला. रोप उजेडात असताना या निरोपाचे तुकडे एका प्रमाणात जुळतात, अंधारात वेगळ्या. उजेड ओळखणारी खास प्रथिनं वनस्पतींत असतात, पण इथे ती जबाबदार नव्हती. खूण हरितलवकातून येत होती. प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉनची ने-आण करणाऱ्या साखळीत अडथळा आणला की केंद्रकातला हा बदल थांबत होता. त्याहून नवल म्हणजे मुळांमध्ये, जिथे हरितलवकाचं हे काम चालत नाही, तिथेही उजेडाचा परिणाम दिसला, पण मुळं पानांशी जोडलेली असतील तरच. पानानं मुळाला काहीतरी कळवलं आणि मुळानं आपले निरोप वेगळे कापले.

थंडीचं एक उदाहरण. वनस्पतींना दिवस-रात्रीचं आंतरिक घड्याळ असतं आणि सीसीए१ हे त्यातलं एक महत्त्वाचं प्रथिन. त्याच्या निरोपात कधी कधी एक इंट्रॉन राहून जातो आणि आखूड प्रथिन बनतं. हे आखूड प्रथिन डीएनएला धरू शकत नाही, पण पूर्ण प्रथिनाला मिठी मारून त्यालाही बसवून ठेवतं. गारठा पडला की आखूड रूप कमी बनू लागतं, पूर्ण प्रथिन मोकळं होतं आणि गोठण सोसण्याची तयारी सुरू होते. इंट्रॉन ठेवलेला प्रत्येक निरोप कचऱ्यात जात नाही, हे यावरून दिसतं. कधी कधी त्याचं काम आवर घालण्याचं असतं.

उष्णतेची गोष्ट वेगळी आहे, कारण कडक उष्णता कापणाऱ्या यंत्रालाच जेरीला आणते. फळमाशीवर १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसलं होतं की एकदम तीव्र उष्णता दिली तर स्प्लायसिंग बिघडतं, पण आधी सौम्य उष्णता देऊन मग तीव्र दिली तर ते शाबूत राहतं. २०१८ मध्ये अराबिडॉप्सिसमध्येही असंच आढळलं. आधी बेताची उष्णता सोसलेली रोपं पुढच्या कडक उष्णतेत आपले इंट्रॉन नीट कापत होती. न सोसलेल्या रोपांत मात्र न कापलेले निरोप साचले. आधीचा ताण रोपाला ‘आठवतो’ असं म्हणतात, त्यातला एक भाग या कापण्यात साठवलेला आहे.

इथे एक सावधगिरी. ताणात एखाद्या जनुकाचे न कापलेले निरोप वाढले म्हणजे रोपानं ते मुद्दाम केलं असं नव्हे. काही वेळा यंत्र फक्त थकलेलं असतं. हेतू कुठे आणि बिघाड कुठे हे ओळखायला पुरावा लागतो. तो बदल एकाच झाडात आहे की दूरच्या नात्यातल्या पिकांतही? आखूड प्रथिन खरंच बनतं का? तो निरोप बदलता येऊ दिला नाही तर रोपाचं काही बिघडतं का? या क्षेत्रातली पुष्कळ कामं ‘ताणात इतक्या हजार जनुकांची काटछाट बदलली’ अशा यादीपाशी थांबतात. यादी ही सुरुवात आहे. ड्रेब२बीसारखी शेवटपर्यंत उलगडलेली उदाहरणं अजून थोडी आहेत, आणि म्हणूनच ती इतकी मोलाची.

एखादं स्प्लायसिंग प्रथिन काढून टाकलं तर काय होतं, हाही एक पुरावा. अराबिडॉप्सिसमध्ये पॉर्क्युपाइन, म्हणजे साळिंदर, नावाचं एक जनुक आहे. त्यापासून स्प्लायसोसोमच्या गाभ्यातलं एक छोटं प्रथिन बनतं. ते नसलेलं रोप २३ अंश सेल्सियसला जवळपास नेहमीसारखं वाढतं. तेच रोप १६ अंशांना ठेवलं की त्याची मुळं आणि शेंडा दोन्ही वाईट रीतीनं बिघडतात. आपल्याला १६ अंश म्हणजे फार थंडी वाटणार नाही, या रोपाला मात्र तो सात अंशांचा फरक झेपत नाही. एसएडी१ या दुसऱ्या एका प्रथिनात दोष असलेली रोपं अ‍ॅबसिसिक आम्लाला आणि दुष्काळाला फाजील संवेदनशील होतात. ताण नसताना ज्या प्रथिनाची उणीव फारशी जाणवत नाही, ते ताणात किती लागतं हे अशा रोपांतूनच कळलं.

उलट दिशेनंही प्रयत्न झाले आहेत. स्किप हे प्रथिन माणसापासून वनस्पतींपर्यंत स्प्लायसिंगच्या कामात सापडतं. भातात त्याचं रूप जास्त प्रमाणात बनवलं तेव्हा दुष्काळ आणि क्षार सोसण्याची क्षमता वाढली, असं २००९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं. कसाव्याचं एक एसआर प्रथिन अराबिडॉप्सिसमध्ये घातलं तेव्हा ते रोप क्षार अधिक सोसू लागलं.

हे निकाल उत्साह देणारे आहेत, पण या वाटेबद्दल मी थोडा सांभाळून बोलेन. एक स्प्लायसिंग प्रथिन शेकडो निरोपांना हात लावतं. त्याचं प्रमाण वाढवलं तर हवा तो बदल होतो आणि त्याबरोबर न मागितलेलेही अनेक होतात. शिवाय प्रयोगशाळेत ताण एका वेळी एक दिला जातो. शेतात उष्णता, पाण्याची टंचाई आणि जमिनीतले क्षार एकाच आठवड्यात येतात, आणि तिथे काटछाट वेगळीच होऊ शकते. मला जास्त भरवशाची वाटते ती उलट वाट: कापणाऱ्याला न हलवता, ज्या एका जनुकाची ज्या एका ठिकाणची काटछाट महत्त्वाची आहे तिथलीच दोन-चार अक्षरं बदलायची. जनुकसंपादनानं आज हे करता येतं. निसर्ग तर ते केव्हापासून करत आला आहे.

अराबिडॉप्सिसचे वेगवेगळ्या प्रदेशांतले रानटी वाण तपासले तेव्हा पी५सीएस१ या जनुकात असंच आढळलं. हे जनुक प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल बनवण्याच्या वाटेवरचं आहे, आणि पाणी कमी पडलं की पेशी आपल्यातलं पाणी धरून ठेवायला प्रोलीन साठवतात. काही वाणांत इंट्रॉनमधल्या फरकांमुळे या निरोपातला एक एक्झॉन गाळला जातो. त्यांच्यात ताणाच्या वेळी प्रोलीन कमी साठतं. कोणता वाण कुठल्या हवामानातला आहे याच्याशीही या फरकाचा संबंध लागला.

दुसरं उदाहरण टोमॅटोचं, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेलं. उष्णतेला दिल्या जाणाऱ्या प्रतिसादात एचएसएफए२ हे प्रथिन पुढे असतं, आणि एक इंट्रॉन कापला जातो की राहतो यावरून त्याची दोन रूपं बनतात. एक रूप ताणाच्या अगदी सुरुवातीला कामाला येतं. दुसऱ्यामुळे रोपाला उष्णतेची सवय होते. रानटी टोमॅटोत तो इंट्रॉन जास्त कापला जातो, त्यामुळे पहिलं रूप जास्त बनतं आणि तापमान एकदम चढलं तरी रोपं लवकर सावरतात. लागवडीच्या टोमॅटोत हा काप कमी बसतो, दुसरं रूप जास्त बनतं, आणि एकदम आलेल्या उष्णतेला सावरण्याची ताकद ओसरलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्या निवड होत असताना ही काटछाटही निवडली गेली, असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे. प्रथिनाचे शब्द दोन्हीकडे तसेच असले तरी चालतं. फरक त्या तुकड्यात होता जो निरोपातून कापून टाकला जातो, आणि वाण पारखताना ज्याच्याकडे बघायची पद्धत अलीकडची आहे.